उणे चौदा

चष्मा काउंटरवर ठेवल्याबरोबर मी ओळखला. ओळखणारच. काचा मी घासलेल्या, आणि डाव्या काडीचा स्क्रू हरवला तेव्हा त्या जागी पितळी स्क्रूही मीच बसवलेला. उजव्या काचेचे चार तुकडे झाले होते आणि ते कागदाच्या पुडीत बांधून आणले होते.

"अशीच काच हवीय. पाचपर्यंत," पलीकडचा माणूस म्हणाला. "तीन दुकानं फिरलो. सगळे म्हणतात, एवढा मोठा नंबर तुमच्याकडेच होतो."

"कुणाचा आहे?"

"काकांचा."

"त्यांना आणता आलं तर बरं. काड्या कानाला बघून बसवाव्या लागतात."

"काका आजारी आहेत."

त्याच्या शर्टाची कॉलर इतकी कडक होती की मी मनातल्या मनात त्याचं नावच कॉलर ठेवलं. तो गेला. हा चष्मा माझ्या भावोजींचा होता.

भावोजी नगरपालिकेत गटारांची मोजणी करतात. चार महिन्यांपूर्वी आमच्या बाजारात बॉम्ब फुटला. नऊ माणसं गेली, त्यात शेजारच्या बटणांच्या दुकानातली बाई होती. त्याच्या आदल्याच महिन्यात भावोजींनी बाजाराखालच्या गटारांचे नकाशे काढले होते. एवढं पुरलं. सत्तेचाळीस दिवसांपूर्वी साध्या कपड्यांतली चार माणसं त्यांना ऑफिसातून घेऊन गेली; कुठे, ते कुणालाच माहीत नाही. ताईने कोर्टात अर्ज केला, तर सरकारने लिहून दिलं की अशी कोणतीही व्यक्ती आमच्या ताब्यात नाही आणि कधीही नव्हती. आम्ही बहुधा सत्तेचाळीस दिवस हवेला शोधत होतो.

खरं सांगतो, स्वतःची लाज वाटते. बॉम्बनंतर चहाच्या टपरीवर मीच तावातावाने बोललो होतो, की असल्या लोकांना कोर्टबिर्ट कशाला, सरळ गायब करा. माणसं माना डोलावत होती. भावोजींना नेल्यावर पहिले दोन दिवस माझ्याही मनात येऊन गेलं की उगाच कोण कशाला नेईल? तसे ते मला कधी फारसे आवडले नाहीत. भलते चिकित्सक. हॉटेलात गेले तर मेनूकार्डाच्या मागची बाजूसुद्धा वाचणार. पण ती शंका मी कशी घेऊ शकलो, ते आठवलं की अजून जिवाची तगमग होते.

मी ताईच्या वकीलबाईंना फोन लावला. उद्याच सुनावणी होती.

"चष्म्याशिवाय ते घराबाहेर पडायचे?" त्यांनी विचारलं.

"बाहेर? उणे चौदा नंबर आहे, बाई. चष्म्याशिवाय न्हाणीघरात जाताना भिंत धरतात."

"मग नेलं तेव्हा तो डोळ्यांवर होता, आणि आज नेणाऱ्यांकडूनच आला. तुकडे जपून ठेवा. ऑर्डरबुकात त्या माणसाची सही घ्या, कसलीही चालेल. न्यायाधीशांना त्याला बोलवावंच लागेल. आणि एक, चष्मा आत्ताच का हवाय ते लक्षात आलं ना? कशावर तरी सही घ्यायची असणार. वाचून घेतली असं दाखवायचं असेल."

ताई रोजच्यासारखी दुपारी केसची फाईल घेऊन आली. तिला सांगणं भाग होतं. तिने चष्मा हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "अंघोळ करू देत नाहीत रे त्यांना." मग डोळे तपासायच्या खोलीत जाऊन पडद्यामागे बसली.

भावोजींच्या नंबरची एक जादा काच मी नेहमी तयार ठेवतो. फक्त कडा घासायच्या होत्या, पण त्या साध्या कामाला मला दोन तास लागले. तुकडे ड्रॉवरमध्ये टाकले, किल्ली फिरवली, पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा फिरवली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना कॉलर आला. मी ऑर्डरबुक पुढे केलं. त्याने काहीतरी गिचमिड ओढली. बाजी मारली होती! आता फक्त चष्मा पुसून द्यायचा. मी तो उचलला, पुसला, गरम हवेच्या मशीनसमोर डावी काडी धरली आणि अंगठ्याने जरा वर वाकवली. भावोजींचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे. अठरा वर्षं त्यांचा चष्मा हातात आला की मी पहिलं हेच करतो.

"थांबा," कॉलर म्हणाला. "कान बघितल्याशिवाय वाकवलीत?"

पुष्कळ सांगता आलं असतं. काडी वाकडी होती म्हणता आलं असतं. मी आपला बावळटासारखा अंगठ्याकडे बघत राहिलो.

त्याने शांतपणे ऑर्डरबुकातलं ते पान फाडून खिशात घातलं. चष्म्याला हातही लावला नाही. "चुकून तुमच्याकडे आलो," तो म्हणाला. "असे कुणी काका नाहीत." आणि निघाला.

पडदा सरकवून ताई बाहेर आली. मी तिला म्हणालो, "ताई, पान गेलं तर गेलं. चष्मा आहे, तुकडे आहेत! घाबरून सोडून गेला तो. उद्या कोर्टात..."

"आणि ते?"

"ते काय?"

"त्यांना आता काय दिसत असेल?"

मी हाताने दाखवलं. वीतभरसुद्धा नाही. चार बोटं.

"म्हणजे पुढ्यात ठेवतील त्यावर न वाचता सही करतील," ताई म्हणाली. "धोब्याची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचणारा माणूस आहे तो. पुरावा गेला खड्ड्यात. पळ. देऊन ये."

"ताई, वकीलबाई म्हणाल्या..."

"पळ म्हणते ना!"

मी ड्रॉवरमधली पुडी आणि चष्मा घेऊन धावत सुटलो. पन्नाशीचा माणूस भर बाजारात धावताना कसा दिसतो ते लोकांनी मनसोक्त बघितलं. कॉलर वळणावर गाडीत बसत होता. मी काच ठोठावली. ती चार बोटं खाली आली.

"साहेब, घेऊन जा. माझी काही ओळख नाही. सवयीने वाकवली."

"तुकडे?"

मी पुडी आत दिली.

"ओळख नाही म्हणता, तर तसं लिहून द्या." त्याने पॅड आणि पेन पुढे केलं आणि भावोजींचं पूर्ण नाव, वय, हुद्दा सगळं घडाघडा सांगितलं. ताब्यात नसलेल्या माणसाचं इतकं पाठ! असल्या माणसाला मी ओळखत नाही, त्याचा चष्मा मी कधी बनवला नाही, आज माझ्याकडे कुणी आलं नाही, असं मी गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. मग त्याने चष्मा घेतला. काच वर गेली.

दुकानात ताई उभीच होती.

"घेतला?"

"घेतला." दम लागला होता, पण लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. "ताई, उद्या सरकारी वकील एक कागद दाखवेल. भावोजींना मी ओळखत नाही असं लिहिलंय त्यावर. अक्षर माझं, सही माझी. नाहीतर तो घेतच नव्हता."

ताई खाली बसली. फाईल मांडीवर घेतली, उघडली नाही. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तरी मी काही बोललो नसतो.

"वाचून केलीस ना सही?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "दोनदा वाचून."