नाकातले भाडेकरू

स्वयंपाकघरात कुणीतरी बारीकसं खोकलं. घर नुकतंच शांत झालं होतं आणि आम्ही दोघी तिथेच आडव्या होतो, म्हणून मी आधी लेकीकडे पाहिलं. ती माझ्या दंडावर तोंड उघडं टाकून झोपली होती. म्हणजे खोकला चुलीजवळच्या खोक्यातल्या कोकराचा होता.

दिरांनी ते परवा आणून दिलं. लेकीने त्यांच्यामागे टुमणंच लावलं होतं. उघड्या टेम्पोतून, गार वाऱ्यात, आईपासून तोडून. वर म्हणाले, "काळजी नको वहिनी, लस टोचलीय."

"कुठली, भाऊजी?"

"गाईंची उरली होती ती. फुप्फुसाचीच आहे की."

मी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम करते. गुरामेंढरांच्या नाकातले जंतू प्लेटवर वाढवते आणि त्यांची जात ओळखते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही.

"जंतूंचं आडनाव एकच असलं," मी म्हटलं, "तरी गाईंना पाडणारं घराणं वेगळं, मेंढ्यांना पाडणारं वेगळं. ती लस या घराण्याला ओळखतसुद्धा नाही."

"जंतूंतही भाऊबंदकी?" असं म्हणून दिरांनी चहा संपवला आणि निघाले.

काल कोकरू खोकायला लागलं. त्याच्या नाकात बोळा फिरवून मी नमुना नेला. आज सकाळी प्लेटवर करडे, गोल, नीटनेटके ठिपके उगवले होते. मेंढ्यांचंच घराणं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "आजचा दिवस काढला तर जगेल."

लेक उठली ती थेट खोक्यापाशी. स्वतःचा स्वेटर कोकराला घालू लागली.

"हे जंतू आले कुठून?"

"आले नाहीत, आधीपासून होते. चांगल्या धडधाकट मेंढीच्या नाकातही असतात. भाडेकरूंसारखे, गपगुमान."

"मग आता का चिडले?"

मी पाण्याची बाटली गरम करून खोक्यात ठेवत होते, आणि हे उत्तर मला पाठच आहे. "थंडी वाजली, लांबचा प्रवास झाला, आई दिसेनाशी झाली, की पिल्लाची ताकद जाते. मग ते खाली फुप्फुसात उतरतात."

लेकीचा हात बटणावर थांबला. कोकराने एकदा श्वास घेतला, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"काका त्याला आणणार नव्हते ना?"

"नव्हते."

"मग आई, मी हट्ट केला म्हणून ते उतरले?"