काचेवर पाणी यायलाच हवं

भाईदास पाटील अठरा वर्षं सुरतेच्या लूमखात्यात मास्तर होता. मास्तर म्हणजे बंद पडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, उघडून पुन्हा चालता करणारा माणूस. त्या खडखडाटात त्याचे कान हळूहळू गेले. गाड्यांचे हॉर्न ऐकू येत, समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठांवरून उमजे, पण पाठीमागून बोललेलं निसटून जाई. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही; पुष्पाबाईला ते आपोआप कळलं होतं.

खातं बंद पडल्यावर त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि नवागामातल्या आठ बायकांना रोज सकाळी पलसाण्याच्या एका मिलमध्ये पोचवू लागला. बायका तिथे साड्यांच्या घड्या घालायचं काम करत.

१९९६ च्या डिसेंबरातली गोष्ट. कडोदरा सोडून थोडं पुढे गेल्यावर एक टँकर शेजारून गेला आणि रस्त्यावरचा सगळा काळा चिखल व्हॅनच्या काचेवर उडाला. भाईदासने वायपर लावला. चिखल निघायच्या ऐवजी या टोकापासून त्या टोकापर्यंत फासला गेला. काचेवर पाणी मारणारा स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला, तर थेंबही आला नाही. महिनाभर पाणी येतच नव्हतं. भाईदास ओलं फडकं जवळ ठेवून वेळ मारून नेत होता. ब्रेक दाबत त्याने गाडी कडेला घेतली, तेवढ्यात काहीतरी धप्पकन लागलं.

तो सुकदेव होता, मिलचा वॉचमन, पाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला. नशिबाने तो गवतात पडला. गुडघा सोलवटला आणि सायकलचं मागचं चाक वाकलं. भाईदासने त्याला डॉक्टरकडे नेलं, चाक सरळ करून दिलं, त्याच्या घरी जाऊन बायकोची माफी मागितली. सुकदेव म्हणाला, जाऊ द्या, जीव वाचला.

संध्याकाळी बायकांना घरी सोडताना कमल शेवटी उतरली. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. पण बाकीच्या सातजणी तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. ती दारातून फिरून त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, खिडकीतून सायकल दिसली तेव्हा मी मागून तीनदा ओरडले. तुम्ही लक्षच दिलं नाही. काचेवर पाणी येईस्तोवर मी या गाडीत बसायची नाही."

भाईदासने मान हलवली. ती तीनदा ओरडली होती, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी होती. सकाळीच तो छगनच्या गॅरेजवर गेला. छगनने बोनेटखालच्या फवाऱ्याच्या भोकात टाचणी घातली, हवा मारली आणि झालं म्हणून सांगितलं. दांडा ओढला, पाणी नाही. मग तो म्हणाला की सगळं वायरिंग उघडावं लागेल, गाडी चार दिवस ठेवून जा. नाहीतर सगळे करतात तसं करा, बाटलीत पाणी ठेवा आणि खिडकीतून हात काढून काचेवर मारा.

भाईदास गाडी घेऊन घरी आला. उद्या सकाळी कमल गाडीत बसली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि छगनने आधी टाचणी घातली, मग वायरिंगचं नाव घेतलं, हे त्याला पटलं नव्हतं. लूम थांबला की मास्तर एका टोकापासून सुरू करतो आणि जिथे अडलं तिथेच हात घालतो.

त्याने काचेच्या पाण्याची टाकी पाहिली, भरलेली होती. फवाऱ्याला लावलेली नळी उपटली आणि दांडा ओढला. नळीतूनही पाणी आलं नाही, म्हणजे फवाऱ्याचा दोष नव्हता. नळी तोंडाला लावून फुंकली, टाकीत बुडबुडे आले. नळी मोकळी होती. उरली टाकीच्या बुडाशी बसवलेली, पाणी वर ढकलणारी छोटी मोटर.

मोटर फिरते का, हे कान लावून कळतं. त्याने कान लावला. काहीच नाही. पण ती गप्प होती की त्याचेच कान गप्प होते, हे त्याला सांगता येईना. त्याने मोटरीवर बोट ठेवलं, पण एका हाताने तिकडचा दांडा ओढून दुसरा हात इकडे पोचत नव्हता. मग घरात जाऊन पुष्पाबाईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, जरा बाहेर ये, मला ऐकू येत नाही.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. पुष्पाबाईने हात पुसले आणि ती बाहेर आली. टाकीपाशी वाकून तिने कान लावला. त्याने दांडा ओढला.

"एकदा 'कट' व्हयनं," ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "मंग काहीच आवाज नही."

भाईदासने मोटरीच्या दोन्ही वायरी काढून त्यांना छोटा बल्ब जोडला. पुष्पाबाईने दांडा ओढला, बल्ब लखकन पेटला. करंट इथपर्यंत येत होता. वायरिंग उघडायची काही गरज नव्हती. तरी खात्री करायला त्याने मोटर टाकीतून उपटून बॅटरीला थेट जोडली. ती जागची हलली नाही, नुसती गरम झाली. उघडून पाहिलं तर आतला पंखा पांढऱ्या खाराने घट्ट बसला होता. भाईदास रोज मिलजवळच्या बोअरिंगचं खारट पाणी टाकीत भरायचा. दोष त्याचाच होता, आणि ते त्याने पुष्पाबाईला सांगितलंही.

मग मोटर शोधायला निघाला. पहिल्या दुकानात नव्हती. दुसऱ्या दुकानदाराने मोटर पाहून हसत सांगितलं, "काका, बाटलीथी पाणी नाखी दो ने." म्हणजे बाटलीनेच पाणी मारा. तिसरा म्हणाला, पूर्ण टाकी घ्यावी लागेल, तीही आठवड्याने येईल. चौथं दुकान बंद होतं. दुपार टळली, तो जेवला नव्हता. पाचव्या ठिकाणी, जुन्या सामानाच्या गाळ्यात, मालकाने एक खोकं त्याच्यापुढे सरकवलं आणि शोधून घ्यायला सांगितलं. तळाशी त्याच मापाची मोटर सापडली. तिचा प्लग वेगळा होता. भाईदासने तिथेच ती बॅटरीवर फिरवून पाहिली, तळहाताला थरथर लागली तेव्हाच घेतली. सोबत मोटर टाकीत बसते तिथला नवीन रबरी वायसर घ्यायलाही तो विसरला नाही.

घरी येऊन त्याने टाकी काढली, चिंचेच्या पाण्याने आतला खार घासून धुतला. वायसर साबणाच्या पाण्यात बुडवून बसवला, मोटर दाबून घातली, प्लग कापून वायरी जोडल्या, चिकटपट्टी गुंडाळली. टाकीत नळाचं पाणी ओतलं. बुडाशी गळती नव्हती. पुष्पाबाईला दांडा ओढायला सांगितलं आणि स्वतः मोटरीवर हात ठेवला. मोटर फिरत होती. काचेवर मात्र जेमतेम दोन थेंब ओघळले.

पुष्पाबाई म्हणाली, आता छगनला दाखवू या. त्याने नाही म्हणून मान हलवली. फिरतेय, पण ढकलत नाही. खात्यात लूमच्या मोटरीच्या वायरी उलट लागल्या की लूम उलटा फिरायचा. त्याने चिकटपट्टी सोडवली, दोन्ही वायरींची अदलाबदल केली.

या वेळी पाण्याची धार काच ओलांडून टपावर गेली आणि मागे शेजारणीने वाळत घातलेल्या चादरीवर पडली. पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हसली. भाईदासने टाचणीने फवाऱ्याचं तोंड खाली वळवलं, तीन-चारदा करून पाहिलं, धार बरोबर काचेच्या मधोमध बसेपर्यंत सोडलं नाही.

सकाळी कमल रस्त्यावर उभी होती, बाकीच्या तिच्या मागे. भाईदासने मूठभर माती ओल्या हाताने काचेवर फासली, आत बसून दांडा ओढला. पाणी आलं, वायपर दोनदा फिरला, काच स्वच्छ झाली. कमल दार उघडून आत बसली. सगळ्या बसल्या.

त्याने गाडी सुरू केली नाही. मागे वळून, सगळ्यांची तोंडं दिसतील असा बसला.

"कमलताई, त्या दिवशी तुमचं ऐकून मी दुर्लक्ष केलं नव्हतं. मागून बोललेलं मला ऐकू येत नाही. खात्यात गेले कान."

एकीने कमलकडे पाहिलं. कमलने थोडा विचार केला, मग सीट बदलून ती बरोबर त्याच्या मागे येऊन बसली. काही दिसलं तर मी खांद्यावर थाप मारीन, ओठ त्याला दिसतील असं ती हळू म्हणाली, आणि एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा.

भाईदासने मान हलवली, पुढे वळला आणि गाडी पलसाण्याच्या रस्त्याला लावली.