कुलसुम फुफीचं माप

कुलसुम फुफीनं पिशवीतून घडी घातलेलं आंबा रंगाचं ब्लाऊज काढलं, डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं, तळहातानं सारखं केलं आणि म्हणाली, "ह्या मापाचं करा."

डॉक्टरबाई त्या ब्लाऊजकडे बघतच राहिल्या. खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावर पडलं होतं आणि मला वाटलं, आता ते हळूच श्वास घ्यायला लागणार.

"हे कशाला आणलंत?"

"मापाला."

मग मीच पुढे झाले. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून माझी भीड पार चेपलीय. म्हणून तर फुफीनं अब्बांना, तिच्या भावाला, सांगितलं होतं, पुण्याला मला तरन्नुमच पायजे, बाकी कुणी नको.

"डॉक्टर, माझी फुफी टेलर आहे, नसरापूरला," मी म्हटलं. "आमच्याकडच्या बायका टेप लावू देत नाहीत, लाजतात. अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज आणून देतात, त्यावरून नवं बेतायचं. हे तिचं लग्नातलं आहे."

डॉक्टरबाई हसल्या, पण छान हसल्या. बाही उलटून आतली शिवण पाहिली. "तुम्हीच शिवलंत?"

"व्हय. माझं पयलं."

"सुरेख आहे. पण इतकं लहान नाही करता येणार. तुमच्या पाठीला पेलेल इतकंच करायचं."

लग्नानंतर फुफीची छाती वाढतच गेली होती. खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या. मशीनवर वाकली की मान धरायची, बोटांना मुंग्या यायच्या. सुई ओवायला शेवटी ती मला हाक मारायला लागली. लतीफ फुफा टेम्पोवरून आले की बाम चोळून द्यायचे, सकाळी पुन्हा तेच. नसरापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती कमी करायचं ऑपरेशन असतं, पुण्याच्या सरकारी दवाखान्यात जा. नाहीतर मशीन विसरा. आणि फुफीनं मशीन विसरायचं म्हणजे काय! दुपारी सगळा बाजार पेंगत असतो तेव्हा तिच्या मशीनचा आवाज पाण्यासारखा वाहत असतो. तो थांबला, तर सगळे दचकून जागे होतील.

शेजारची बांगडीवाली ठकुबाई म्हणालीच होती, "आगं कुलसुम, देवानं भरभरून दिलंय, आन् तू कापायला निगालीस व्हय?"

"तुला देते की थोडं, ठके," फुफी म्हणाली. "पिशवी घिऊन ये."

एसटीत फुफीनं मला प्रश्न पढवले होते. पुरुष डॉक्टर असला तर तू विचार, म्हणाली होती. निघाल्या बाई. म्हणून काय मी सोडते होय? उभी राहिले, घसा साफ केला आणि सुरू झाले. दुखेल का?

"भूल देतो, तेव्हा काही कळणार नाही. नंतर काही दिवस दुखेल."

"मशीन कधीपासून चालवायचं?"

"महिना-दीड महिना तरी नाही. हात वर करायचा नाही, हंडा उचलायचा नाही."

"शिलाई दिसंल?" हे मात्र फुफीनंच विचारलं. तिला राहवलंच नाही.

"दिसेल. आधी लाल, मग फिकट होत जाईल. पूर्ण जाणार नाही."

"आतल्या अंगानं न्हाई का घालता येत?"

"आली असती तर मी तुमच्याकडेच शिकायला आले असते," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघीही हसलो.

मग त्या फुफीला निळ्या पडद्यामागे घेऊन गेल्या. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा फुगायचा, बसायचा. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते, फार लांबून, धरणापलीकडून हाक यावी तसं. पडद्यामागून फुफीचा आवाज आला, "आमी खडूनं आखतो, तुमी पेनानं व्हय?"

पेनाचं टोपण टक्कन लागलं.

"बाई," फुफीचा आवाज एकदम लहान झाला होता. "एक राहिलं."

हा प्रश्न तिनं मला पढवला नव्हता.

"पुढंमागं लेकरू झालं, तर पाजता येईल?"

पडदा फुगला, बसला. फुफीला मूल नाही. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मीसुद्धा, एवढी बडबडी, कधी बोलले नाही.

"काहींना येतं," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "काहींना कमी येतं, काहींना येतच नाही. मी शब्द नाही देऊ शकत. ज्यांना मूल हवं असतं त्यांना मी सांगते, आधी ते होऊ दे, मग या. तुम्ही थांबू शकता."

"थांबलेच की, बाई. लई वर्सं थांबले. बोटं थांबंनात आता."

मग ती पदर सारखा करत बाहेर आली. टेबलावरचं ब्लाऊज घडी करून पिशवीत टाकलं. "तारीख द्या," म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तारीख दिली. दिवाळीच्या पाडव्यानंतरची.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकी मिळाली. कात्रजच्या घाटात धुकं होतं आणि खाली पुणं असं दिसत होतं की जणू कुणी झोपेत पाहिलेलं असावं. मी तोंड बंद ठेवून बसले होते. माझ्यासाठी हेच मोठं बक्षीस मिळवण्यासारखं. बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी फुफीचा हात धरला. बोगदा संपला तरी सोडला नाही.

खेड शिवापूरला एक बाई चढली, काखेत बाळ, डोक्यावर बोचकं. बसायला जागाच नव्हती. "ताई, धरता का जरा?" म्हणत तिनं बाळ फुफीच्या मांडीवर दिलंसुद्धा.

बाळ गाढ झोपेत होतं. झोपेतच त्यानं मान वळवली, फुफीच्या छातीत तोंड खुपसलं आणि ओठ हलवायला लागलं.

"आगं बया!" त्याची आई लाजून वाकली. "सवयच हाय मेल्याला. द्या हिकडं."

"असू द्या," फुफी म्हणाली. "झोपलंय."

तिनं पदर त्याच्यावर ओढला. मान दुखत असणारच, पण ती जरासुद्धा हलली नाही. बाहेर भाताची खाचरं मागं मागं जात होती, पाण्यात आभाळ घेऊन. फुफी ना त्यांच्याकडे बघत होती, ना बाळाकडे. ती कुठंच बघत नव्हती.

"चेलाडी फाटा!" कंडक्टर ओरडला. हाच आमचा, नसरापूरचा फाटा.

फुफीनं बाळ दोन्ही हातांनी उचलून आईकडं दिलं. आम्ही उतरलो. एसटी भोरकडे गेली आणि रस्ता एकदम मोकळा झाला. फुफी आणि मी शेजारी शेजारी. फुफीच्या छातीवर, पदरावर, बाळाच्या लाळेचा रुपयाएवढा ओला डाग होता.

माझा हात रुमालाकडे गेला. फुफीनं नको म्हणून मान हलवली, आणि वारा येत होता त्या बाजूला पाठ करून चालू लागली, तो डाग लवकर वाळू नये म्हणून.