चालता न येणारे बूट

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी हेमलताबाई पेंढारकरांचे पाय जमिनीला टेकेनासे झाले.

अंतर फार नव्हतं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढं असेल. देवघरातून स्वयंपाकघरात येताना फरशी गार लागली नाही, एवढंच. त्यांनी दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा तळव्याखाली सरकवून पाहिला. तो एका बाजूने गेला आणि दुसऱ्या बाजूने निघाला. तो केरात टाकून त्यांनी गॅस बारीक केला आणि हळूच म्हणाल्या, "कळलं हो, देवी."

कारण त्यांना ठाऊक होतं.

सून ऋजुता सातव्या महिन्यात होती. दोन वेळा गमावून ही तिसरी वेळ, म्हणून डॉक्टरांनी तिला पुढच्या खोलीतल्या कॉटवर निजवून ठेवलं होतं. मुलगा नोकरीसाठी ओमानला. हेमलताबाईंनी देवीपुढे पदर पसरला होता : बाळ सुखरूप हाताशी येईतो पायात काही घालून भुईवर पाऊल ठेवणार नाही. सोमवार, एकादशी, संकष्टी हे तर चालूच होतं, त्यात हे एक. चपला माळ्यावर गेल्या. आळीत सगळ्यांना कळलं.

एक गोष्ट मात्र देवीपुढे बोलायची राहून गेली होती. यजमान गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, त्या रोज पहाटे सायकलवरून कोयनेच्या पुलापर्यंत जाऊन येत. सायकलच्या पेडलवर बूट घसरू नये म्हणून बारीक लोखंडी काटे असतात. व्रत लागल्यावर ते काटे उघड्या तळव्यात रुतू लागले. टोचू देत, व्रतच आहे, असं त्या दोन दिवस म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी रक्त आलं. हळद भरून त्या घरी बसल्या. सातव्या दिवशी भात कमी खाल्ला म्हणून ऋजुतावर ओरडल्या. आठव्या दिवशी त्या सायकल हाताने ढकलत बसस्टँडमागच्या सायकलच्या दुकानात गेल्या.

"काकू, चप्पल बाहेर काढायची गरज नव्हती," दुकानदार सादिक तांबोळी म्हणाला.

"काढली नाही. आणलीच नाही."

पायच पेडलला अडकवून टाकणारे बूट मिळतात, असं त्यांनी ऐकलं होतं. सादिकने दोन जोड काउंटरवर ठेवले. एकाच्या तळव्यात पेडलला अडकणारी छोटी लोखंडी पट्टी, म्हणजे क्लीट, खाचेत दडलेली होती. दुसऱ्याचा तळवा फळीसारखा कडक, आणि त्याची तिकोनी प्लास्टिकची क्लीट चांगली बोटभर बाहेर आलेली.

"तुम्ही हे न्या." त्याने पहिल्या जोडावर टिचकी मारली. "क्लीट आत राहते. उतरा, चहा प्या, बाजार करा, कळणार पण नाही. त्या दुसऱ्यात माणूस बदकासारखं चालतंय. चार पावलांत आपटतंय."

"म्हणजे ते चालायला नालायक?"

"एकदम नालायक."

"मग तेच दाखव."

सादिकने डोकं खाजवलं. "आजवर प्रत्येक गिऱ्हाईक मला विचारतंय, चालता येईल ना? तुम्ही पहिल्याच, काकू. बरं, पेडलची स्प्रिंग ढिली ठेवतो. टाच बाहेर फिरवली की खट्कन सुटेल."

"घट्ट ठेव. बूट पेडललाच राहू देत. मी नुसता पाय काढून घेईन."

"आणि सिग्नलला?"

"पहाटे सिग्नल नसतो."

त्याने त्यांच्याच सायकलला नवे पेडल लावून ती स्टँडवर चढवली. हेमलताबाई स्टुलावरून सीटवर बसल्या, पाय जमिनीपासून चांगले दोन विती वर, आणि तिथेच बूट घालायला पाय पुढे केले. क्लीट कुठे बसवायची ते ठरवायला त्याने अंगठ्यामागचं हाड बोटाने चाचपलं. तेव्हा पायाची हळद त्याच्या बोटाला लागली.

"अनवाणी व्रत आहे का, काकू?"

"हो."

त्याने स्क्रू आवळला. पुन्हा वर पाहिलं नाही.

घरी येताना त्यांनी मनाशी सगळं नीट मांडून घेतलं. पाय बुटात, बूट पेडलवर, पेडल हवेत. भुईला कुठे काय लागलं? दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावरून त्या थेट बुटांत उतरल्या. पुलावर वारा असा लागला की डोळ्यांना पाणी आलं. परत येऊन ओट्यावर अनवाणी पाय ठेवला, सायकलवर जुनं लुगडं टाकलं आणि आंघोळ करून जपाला बसल्या. तो सोमवार होता.

मंगळवारी पोस्टकार्ड. गुरुवारी करंगळी. त्यांनी साडीचा काठ खाली सोडून नेसायला सुरुवात केली.

सायकलवर मात्र त्या जड असत. बूट पेडलला धरून असत आणि पेडल त्यांना खाली धरून असे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा हाडांत पोचे. खाली राहायची तेवढी एकच जागा उरली होती, म्हणून त्या दोनदा जाऊ लागल्या, पहाटे आणि दुपारी सगळे झोपलेले असताना. पाय बुटातून काढला की त्या आधीपेक्षा जरा वरच थांबत.

शनिवारी शेजारच्या पावसकरवहिनी विरजण मागायला आल्या. हेमलताबाई वाटी घेऊन दाराशी गेल्या त्या रांगोळीवरून. एक ठिपका हलला नाही.

वहिनींनी रांगोळी पाहिली, मग काठ उचलून पाहिला. वाटी ओट्यावर ठेवून त्यांनी वाकून नमस्कार केला.

"उठा हो, असं काय करता!"

"आमचे हे पंधरा वर्षं जमिनीवर पाय ठेवत नाहीत, पण त्यांना कोण नमस्कार करणार? हे निराळं. हे तपाचं आहे, हेमाताई."

त्या नमस्काराने हेमलताबाई चार बोटं वर गेल्या.

संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका येऊन गेल्या. कुणी नारळ आणला, कुणी परीक्षेला बसलेली मुलगी. प्रत्येक नमस्काराला थोडं थोडं. सोमवारी त्या स्टुलाच्या उंचीवर होत्या. देवघराच्या चौकटीला डोकं लागे, म्हणून जप बाहेरूनच करावा लागे. देवीच्या मुखवट्याकडे वरून बघायचं त्यांना जड गेलं. त्या डोळे मिटून घेत.

"वहिनी, ऐका," त्या शेवटी म्हणाल्या. "मी बूट घातले. व्रतात. दुकानात जाऊन, निवडून, पारखून घेतले. रोज घालते."

पावसकरवहिनींचे डोळे भरून आले. "बघा गं," त्या मागच्या बायकांना म्हणाल्या, "एवढी योग्यता, तरी स्वतःला केवढं कमी लेखतात!" आणि सगळ्या पुन्हा वाकल्या.

हेमलताबाईंचं डोकं छताला लागलं. ओटा आता खूप खाली राहिला. सायकल अंगणात लुगड्याखाली होती, तिच्या पेडलांना बूट तसेच अडकलेले. तिथवर पोचायचा रस्ता उरला नव्हता.

छताला हात लावत लावत त्या पुढच्या खोलीत गेल्या. पंखा बंद होता. ऋजुता कुशीवर होती, पोटाखाली उशी. उशाशी पितळी वाटी होती.

"आई, या." तिने वर पाहून हात जोडले नाहीत. तेवढंच बरं वाटलं. "आज फार हलतोय तो. डॉक्टर म्हणाल्या, ठोके छान आहेत. म्हटलं, असणारच. आमच्या आई आहेत ना."

"वाटीत काय आहे?"

"तुमच्या पायाचं तीर्थ. पावसकरकाकूंनी तुमच्या पायांवरून पाणी सोडलं ना परवा, ते. सकाळ-संध्याकाळ एक घोट घेते." तिने वाटी उचलली. "हेच घेतलं की झोप लागते. नाहीतर रात्रभर मी मोजत बसते, आता हलला का, आता हलला का."

खाली ती वाटी ओठांकडे चालली होती.

"पिऊ नकोस."

"का?"

"ते पाय बुटात होते." हेमलताबाई म्हणाल्या. "तू इथे पडून होतीस आणि मी पुलावर जात होते. रोज. मला त्यात सुख होतं, ऋजू. देवीला फसवून वर सुख होतं."

ऋजुताने वाटी खाली ठेवली. तिचा हात पोटावर होता आणि बोटं काहीतरी मोजत होती.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "बाळाच्या पाठीशी कुणीच नव्हतं?"

हेमलताबाईंनी छताला हात रेटून स्वतःला खाली ढकलून पाहिलं, आणि त्या पुन्हा छताला लागल्या.

"खाली या तुम्ही. आधी खाली या."

"मला येता येत नाही गं."

ऋजुता डॉक्टरांनी नको म्हटलेलं करून उठून बसली. एका हाताने कॉटची लोखंडी दांडी पकडून तिने दुसरा हात जमेल तितका वर केला. हेमलताबाईंनी गुडघे सरळ करून पाय खाली ताणला. अंगठा तिच्या मुठीत आला. वर गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्या पायाला नमस्कारासाठी नव्हे तर नुसता धरण्यासाठी हात लावला होता. ऋजुताने जोर लावून ओढलं.

उशाकडचा कॉटचा एक पाय उचलला. मग दुसरा, मग उरलेले दोन्ही. वाटी कलंडली, तिच्यातलं पाणी गादीवरून फरशीवर ओघळलं.

"सोड," हेमलताबाई म्हणाल्या. "ऋजू, सोड मला."

ऋजुताने सोडलं नाही. दांडीही सोडली नाही. खाली फरशीवर, जिथे दोन महिने कॉट हलली नव्हती, तिथे कॉटच्या पायांचे चार छोटे स्वच्छ चौकोन दिसू लागले होते, आणि वरून पाहताना ते लहान होत चालले होते.