नमुना शून्य

सरांची शिस्त म्हणजे शिस्त. चौतीस वर्षं त्यांनी माती तपासली, आणि ज्या बाटलीची वहीत नोंद नाही ती सरळ नष्ट करायची, हा प्रयोगशाळेचा नियमही त्यांनीच केलेला. म्हणून त्यांच्या माघारी कपाट रिकामं करायला आलेली त्यांची मुलगी चांगलीच पेचात पडली. तपकिरी बाटल्यांच्या रांगांमागे पांढऱ्या पुडीची एक चिमुकली बाटली निघाली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर बाबांच्या किरट्या अक्षरात एवढंच होतं: नमुना शून्य.

“वही तर एकपासून सुरू होते,” सहायक काकू चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या. सरांच्या हाताखाली त्यांची वीस वर्षं गेली होती. “आणि सर पांढरी माती कधी आणायला गेले? पाच वाजता टाकाऊ रसायनांची गाडी येईल. तोवर हे काय आहे ते कळलं नाही, तर मला द्यावीच लागेल.”

“काकू, तपासून तर बघा! बाबा उगाच काही ठेवणारे नव्हते.”

काकूंनाही उत्सुकता स्वस्थ बसू देत नव्हतीच. त्यांनी चिमूटभर पूड काचेच्या नळीत तापवली. ती तपकिरी झाली आणि जळक्या साखरेचा वास सुटला. दुसऱ्या चिमटीवर आम्लाचा थेंब टाकला, तर ती फसफसली.

“साखर आणि खडू,” काकू चक्रावून म्हणाल्या. “हा कसला नमुना?”

मुलगी स्टुलावर बसली. ती पाच वर्षांची असताना बाबा एकदा डोकं धरून घरी आले होते. तिने पाटीवरचा खडू कुटून त्यात साखर घातली आणि औषध म्हणून पुढे केलं. बाबांनी गंभीरपणे विचारलं होतं, “किती घ्यायचं? जेवणाआधी की नंतर?” नंतर त्यांनी ते मोरीत ओतलं असणार, असंच ती आजवर समजत होती.

तिने घाईघाईने झाकण उलटं केलं. आत कागदाची बारीक सुरळी होती. पहिली ओळ तिच्या पाचव्या वर्षाची: “डोकेदुखी. एक चिमूट. वीस मिनिटांत गुण.” मग मधूनमधून तारखा. संशोधनाचा निबंध परत आला: एक चिमूट, गुण. मुलीची आई गेली: दोन चिमटी, थोडा गुण. मुलगी नोकरीसाठी दूर गेली: दोन चिमटी, गुण नाही. शेवटची ओळ दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवसाची: “डोकं दुखत नाही. घेतलं नाही. उरलेलं औषध, ते करणारीला परत द्यावं.”

“इथे चहाचा कप दिसला तरी आमच्यावर डाफरायचे,” काकू सुरळीवर बोट ठेवत म्हणाल्या, “आणि स्वतः खडू खात होते!”

दोघी हसल्या, आणि हसता हसता मुलीला रडू फुटलं. काकूंनी वही उघडली, एकच्या वरच्या कोऱ्या जागेत शून्य लिहिलं आणि नोंद पुरी केली. आता बाटलीला कोणी हात लावणार नव्हतं.

मुलीने चिमूटभर पूड हातावर घेतली. काकू पाठ फिरवून खिडकीकडे बघत राहिल्या. “मी काही बघितलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, “आला का गुण?”

“नाही.”

“मग तसंच लिही. त्यांना खोटी नोंद चालायची नाही.”

तिने बाबांच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: “बाबा नाहीत. एक चिमूट. गुण नाही.”