पैरणीतला भोपळा

लाल भोपळ्याचा वेल कुणी ताटीवर चढवतं का? दोडका चढतो, घोसाळं चढतं, कारल्याचं तर सांगायलाच नको. भोपळ्यानं आपलं उकिरड्यावर नाहीतर बांधावर ऐसपैस पसरावं, ही त्याची रीत. पण जळोचीच्या प्रयागबाईच्या परड्यात पसरायला जागा होती कुठं? चार पावलं टाकली की भिंत. न्हाणीच्या पाण्यावर आपोआप उगवलेला वेल तिला उपटवेना. तिनं त्याचा शेंडा सुतळीला गुंडाळला आणि वर घेतला. आळीला हसायला एक कारण मिळालं.

ती ताटी भीमानं केलेली होती. भीमा तिचा एकुलता एक लेक. बाप कुंडलिक जन्मभर काटेवाडीला दुसऱ्याच्या मळ्यात भाजी पिकवता पिकवता गेला, आणि मायलेकरांच्या वाट्याला हे एवढंसं परडं उरलं. भीमानं बाभळीच्या मेढी पुरल्या, आडव्या कामट्या बांधल्या, सुतळीचं जाळं विणलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आये, आपल्याला रान न्हाय तर न्हाय. वरतं आभाळ तर हाय!"

पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. इंदापूरची कौसल्या. सासऱ्याला विहीर, डाळिंबाची बाग आणि एवढी एकच मुलगी. त्यानं जावयाला घरीच राहायला बोलावलं. भीमा म्हणाला, "आये, तू बी चल." यावर एकतर हो म्हणावं, नाहीतर गप्प बसावं. पण प्रयागबाईची जीभ कधी वेळेला गप्प बसली आहे? "जा," ती म्हणाली. "सासऱ्याच्या घरचा झालास. हितं आता तुजं काय बी न्हाय." लेकानं वळकटी उचलली आणि गेला. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

इंदापूर काही काशीला नाही. सकाळच्या एस.टी.त बसलं की दुपारच्या भाकरीला माणूस तिथं. पण लेकीच्या सासरी जायचं तर आईला मान असतो. लेकाच्या सासरी कोणत्या तोंडानं जायचं? आणि ते बोलणं गिळून जायचं, तर ते अजून घशातच अडकलेलं.

तर वेल चढला. कुंडलिकानं शिकवलं होतं तसं प्रयागबाईनं सकाळी नरफूल खुडून मादीफुलाला लावलं, आणि वेलानं डोक्याच्याही वर एक भोपळा धरला. लिंबाएवढा होता तोवर ठीक होतं. नारळाएवढा झाला, मग तांब्याएवढा, आणि देठ ताणायला लागला. भुईवरच्या भोपळ्याला भुई आधार देते, अधांतरी लटकलेल्याला कोण देणार? तिनं ट्रंक उघडली. तळाशी भीमाची जुनी पैरण होती, ताटी बांधताना अंगात होती तीच. तिच्या बाह्या तिनं कामटीला बांधल्या आणि भोपळा अलगद पैरणीत बसवला.

शेजारच्या सरूबाईनं भिंतीवरून पाहिलं. "प्रयागे, भोपळ्याला पैरण घातलीस, आता टोपी कवा घालतीस?"

प्रयागबाईही हसली. पण रोज संध्याकाळी पाणी घालून झालं की तिचा हात आपसूक वर जायचा आणि पैरणीला खालून चाचपायचा. काल होतं त्यापेक्षा वजन वाढलेलं असायचं. तीन वर्षांत तिनं ती पैरण भरलेली पाहिली नव्हती. कधीकधी तिथंच उभ्या उभ्या तिला रडू फुटायचं.

दसरा झाला, देठ वाळला, भोपळा तयार झाला. आता अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नसतो. थोरल्या लेकावर सुरी धरल्यासारखं मानतात. पहिला घाव गडीमाणसानं घालायचा, मग बायकांनी हव्या तेवढ्या फोडी कराव्या. ज्या घरी गडी नसतो तिथली बाई शेजाऱ्याला हाक मारते, तो एक घाव घालून जातो. प्रयागबाईला काय हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा तिला लेकाला बोलवायला निमित्त सापडलं होतं.

आळीतला मोहनराव इंदापूरच्या गाडीवर कंडक्टर होता. त्याला तिनं गाठलं. "भीमाला म्हणावं, घरी भोपळा झालाय. चिराया गडीमाणूस न्हाय. येऊन चिरून जा."

मोहनराव दुसऱ्या दिवशी परतला. "मावशी, सांगितला निरोप. आबाजीतात्याकडनं चिरून घे, म्हनला."

"आनि?"

"आनि काय न्हाय."

लेक बापासारखाच निघाला. भोपळा म्हटलं की त्याला भोपळाच कळला! प्रयागबाई घरात जाऊन बसली. त्यात आबाजी, तो शेजारचा भला म्हातारा, मोहनरावाकडून ऐकून कोयता घेऊन दारात हजर.

"आन गं हिकडं, एका घावात मोकळा करतो."

"माज्या भोपळ्याला हात लावायचा न्हाय, भावजी!" ती अशी कडाडली की आबाजी कोयत्यासकट माघारी गेला. त्याला बिचाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळेना.

त्या दिवशी तिनं भोपळा उतरवून घरात ठेवला. पैरण सोडली, धुतली. चिकाचे हिरवे डाग काही निघाले नाहीत, आणि पोटाशी कापड ताणून गोल झालं होतं तेही तसंच राहिलं. तिनं पैरणीची घडी केली आणि मोहनरावाच्या हातात दिली.

"काय सांगू?"

"काय बी सांगू नगं. नुसती दे."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी दारात सावली पडली. भीमा. काखेत पैरणीची घडी, दुसऱ्या हातात डाळिंबांची पिशवी. तो थोडा जाड झाला होता. प्रयागबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा सोडून विचारलं, "जेवलास का?"

"न्हाय."

तिनं पिठलं-भाकरी केली. तो जेवला. जेवताना दोघं कौसल्येबद्दल बोलली, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलली, मधल्या तीन वर्षांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग हात धुऊन भीमानं कोयता घेतला, भोपळा पाटावर ठेवला आणि गुडघा टेकला.

"अगागा, केवढा झालाय! ताटीनं पेलला व्हय ह्यो?"

"तुज्या पैरणीनं पेलला."

त्यानं कोयता उचलला. प्रयागबाईनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"नगं चिरू."

"आं? अगं, त्यासाठीच तर बोलावलंस."

"चिरला की दोन दिसांत सपतोय. अख्खा ऱ्हायला तर वरीसभर टिकतोय."

भीमा तिच्याकडे बघत राहिला. मनगट तिनं सोडलं नव्हतं.

"तूच म्हनलीस, हितं तुजं काय बी न्हाय," तो हळूच म्हणाला. तीन वर्षं त्याच्याही घशात तेच अडकलं होतं.

"चुकले मी," प्रयागबाई म्हणाली. "भोपळा हाय की तुजा."

भीमानं कोयता खाली ठेवला. मग तो उठला, पैरणीची घडी मोडली, भोपळा तिच्यात बसवला आणि बाह्या धरून आढ्याखालच्या वाशाला बांधायला लागला.

"भोपळ्याला बोलावलं आनि पिठल्यावर भागवलंस," तो वर बघत म्हणाला. "पाडव्याला येतो. कौसल्येला बी आनतो. तवा तरी चिरू देशील का?"

"बघू," प्रयागबाई म्हणाली. तिनं खालून हात लावून भोपळ्याचा भार घेतला. "गाठ घट्ट मार. लई दीस टांगायचाय."