जेवण झाल्यावरचे बोलणे

नेरिस ही वेल्समधील एका डोंगराळ गावच्या प्राथमिक शाळेची शिक्षिका. कित्येक वर्षे ती लहान मुलांना स्पॅनिश भाषा शिकवीत होती. परंतु ती भाषा ज्यांच्या तोंडी जन्मापासून वसते, अशा माणसांशी ती कधी मनमोकळे चार शब्द बोलली नव्हती. रंगांची नावे, आठवड्याचे वार आणि प्राण्यांची गाणी, एवढ्या शिदोरीवर तिचा वर्ग चाले. म्हणून दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी शाळेने तिला स्पेनमधील सोरिया शहरी धाडले, तेव्हा तिने मनाशी एकच इच्छा धरली होती. कोणाच्या तरी घरच्या गप्पांत एकदा तरी आपल्याला घरच्यासारखी जागा मिळावी.

तिची सोय कासिल्दा नावाच्या सत्तरीच्या विधवा बाईंच्या घरी झाली. सकाळी वर्ग, दुपारी घरी जेवण आणि सायंकाळी पुन्हा वर्ग, असा नेम होता. दुपारच्या जेवणाला समोरच्या दारचे एउतिमियो, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, रोज येत.

परक्या घरी आयते बसून राहणारा पाहुणा घराला भार होतो, ही शिकवण नेरिसच्या अंगी लहानपणापासून भिनलेली होती. त्यामुळे शेवटचा घास पोटात जातो न जातो तोच ती उठे आणि सगळ्यांची ताटे गोळा करी.

"अगं राहू दे गं पोरी! बस की जरा!" कासिल्दाबाई म्हणत.

"नको, नको. मला त्रास नाही," असे पाठ केलेले वाक्य म्हणून ती स्वयंपाकघरात जाई. तो आग्रह केवळ शिष्टाचाराचा आहे, अशी तिची समजूत होती.

नळ वाहू लागे, आणि भिंतीपलीकडे हसण्याचा फवारा उडे. नेरिस नळ बंद करून कान देई. शब्द ओळखीचे वाटत, पण हाती लागत नसत. त्या भिंतीआड जणू एखादा सण चालला आहे आणि आपण मात्र साबणाच्या फेसात हात बुडवून उभ्या आहोत, असे तिला वाटे. हात पुसून ती बाहेर येई, तोवर एउतिमियो टोपी डोक्यावर चढवून उभे असत. "बरं, येतो मी," म्हणून ते निघून जात. आपण दिसताच ही माणसे उठतात, हे पाहून तिचा जीव थोडा थोडा होई.

प्रशिक्षण संपण्याच्या आदल्या दिवशी वर्गात बाल्दोमेरो सरांनी विचारले, "तुमचा खरा वर्ग मी घेतच नाही. तो भरतो तुमच्या घरी, जेवण झाल्यावर. सांगा, काल काय बोलणं झालं?"

आयर्लंडची ग्रॉन्या म्हणाली, "सर, आमच्या आजोबांनी तासभर फुटबॉल समजावला. फुटबॉल काही कळला नाही, पण शिव्या सगळ्या पाठ झाल्या!"

"आणि तुम्ही, नेरिसबाई?"

"मी भांडी घासते."

वर्ग खळखळून हसला. सर हसले नाहीत. "सगळ्यांची ताटं तुम्हीच उचलता?"

"हो, रोज. लगेच."

"अहो बाई, आमच्याकडं ताटं समोर पडलेली असतात तोवर माणसं बसतात. ती उचलली की बैठक मोडली. तुम्ही त्या म्हातारीला रोज तिच्याच घरात 'ऊठ आता' म्हणून सांगताय."

नेरिसचे कान लाजेने तापले. त्या दिवशी वर्गाचे जेवण बाहेर होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दुपारी, ती अक्षरशः धावत घरी आली.

टेबलावर एकच ताट मांडलेले होते.

"आम्ही आधीच जेवून घेतलं," कासिल्दाबाई खांद्यावर शाल घेत म्हणाल्या. "तुला घाई असते ना? म्हटलं, आमचं रेंगाळणं तुला कशाला उगीच. मी समोर कॉफीला जाते हं."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते बोलणे अधिक लागले. नेरिसला पुष्कळ सांगायचे होते, पण ऐनवेळी सारी भाषा तिला सोडून गेली. दार बंद झाले. ताटात बटाट्याचे आमलेट होते आणि घरात आज हसूही नव्हते. तिने दोन घास खाल्ले. मग ती ताट हातात घेऊन उठली आणि तिने समोरचे दार ठोठावले.

"काय मास्तरीणबाई, मीठ कमी पडलं?" एउतिमियोंनी विचारले.

"मी बसणार. तुमच्याजवळ," नेरिस म्हणाली. "रोज मी बसणार होते. मला माहीत नाही... ताटं. मला माहीत नव्हतं."

कासिल्दाबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. "मग इतके दिवस पळत कशाला होतीस, अगं बाई?"

"पळत नाही. मदत."

"मदत! ऐकलंस कासिल्दा?" एउतिमियोंनी कपाळावर हात मारला. "आणि आपण समजत होतो, आपल्या बडबडीनं हिचं डोकं उठतं!"

तिच्यासाठी खुर्ची ओढली गेली, कॉफी आली, आणि अर्धवट राहिलेला वाद पुढे सुरू झाला. ज्या गप्पांसाठी ती दोन आठवडे झुरली, त्यांचा विषय काय होता? आमलेटात कांदा घालावा की नाही!

"कांद्याशिवाय आमलेट म्हणजे दुखणेकऱ्याचं पथ्य," एउतिमियो म्हणाले.

"ज्याला बटाटा तळता येत नाही, तो कांदा घालतो," कासिल्दाबाईंनी ठणकावले. "तूच सांग गं पोरी."

नेरिसचे पती एम्रिस गेल्यापासून तिच्या जेवणाच्या टेबलावर तिचे म्हणणे खोडून काढणारे कोणी उरले नव्हते. तिने समोरच्या ताटाकडे पाहिले आणि धीर करून ती म्हणाली, "कांदा पाहिजे."

"अगं लबाडे! दोन आठवडे माझ्या हातचं गिळलंस, आणि आता सांगतेस?"

एउतिमियोंनी टेबलावर थाप मारली. नेरिसने चुकतमाकत उलट उत्तर दिले. तिच्या चुका कोणी सुधारल्या नाहीत. दोघे फक्त तिच्याहून मोठ्याने बोलले. निम्मे तिला कळले नाही, तरी ती भांडत राहिली. वर्गातल्या सायंकाळच्या निरोप समारंभाची वेळ केव्हाच टळून गेली होती. सकाळी तिची परतीची बस होती. उन्हे भिंतीवर चढली, कॉफीचे पेले रिकामे झाले, आणि कासिल्दाबाईंनी उठण्यासाठी खुर्ची मागे सरकवली.

"आणि सिमला मिरची?" नेरिसने घाईघाईने विचारले. "ती घातली तर?"

"सिमला मिरची!" कासिल्दाबाई किंचाळल्या, आणि खुर्ची पुन्हा पुढे ओढून बसल्या.